मान लाल बावट्याला, मत दुसऱ्याला!

निवडणूक जवळ आली की आपल्या बायकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं. लाल बावट्याची सभा गावात होऊन जाते, नाही तर प्रचाराची रिक्षा भोंगा वाजवत दारावरून जाते, आणि आपण म्हणतो, "बोलतात अगदी बरोबर हो, पण येणार थोडेच निवडून!" एवढं म्हटलं की विषय संपतो आणि आपण पुन्हा मेथी निवडायला लागतो.

गोंदियात संसार थाटून मला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. हे वाक्य मी हळदीकुंकवाला ऐकलं, भिशीत ऐकलं, रेशनच्या रांगेत ऐकलं. म्हणणाऱ्या बायका काही अडाणी नव्हत्या. मोजक्या पैशांत महिना निभावून नेणाऱ्या, वाण्याच्या वहीतली चूक बोट ठेवून दाखवणाऱ्या बायका त्या! म्हणूनच मला वाटतं, या वाक्यात आपलं शहाणपण किती आणि आपली सोय किती, हे एकदा सुपात घेऊन पाखडायला हवं. मत कुणाला द्या हे सांगायला मी बसलेली नाही. ते तुमचं तुमच्यापाशी. पण डाव्या पक्षांची जी आश्वासनं आपण हसून सोडून देतो, त्यांचा हिशेब आपल्याच घरात कसा येऊन लागतो, तेवढं बघू या.

आश्वासन कानावर पडलं की आपण दोन प्रश्न विचारतो. पहिला, "पैसे आणणार कुठून?" आणि दुसरा, "हा माणूस उद्या दिसेल का?" दोन्ही प्रश्न अगदी रास्त. दिवाळीला पैठणी कबूल करणाऱ्या घरधन्यालाही आपण मनातल्या मनात हेच विचारतो, खरं ना?

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याची आमच्या भागात फार जुनी आठवण आहे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. त्याआधी आम्ही भंडाऱ्यातच. १९५४ मध्ये, हा भाग मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती तेव्हा, भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. जागा दोन, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला मतंही दोन. काँग्रेससमोर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते, आणि राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र पडले! ज्यांनी देशाची घटना घडवली त्यांना आपल्या जिल्ह्यानं लोकसभेत पाठवलं नाही, याची रुखरुख इथल्या कितीतरी घरांत अजून आहे.

बरं, जे निवडून आले त्यांचं पुढे काय झालं? १९५७ मध्ये ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून लोकसभेवर गेले. १९६३ मध्ये त्यांनी नियोजन मंडळाचं उपाध्यक्षपद स्वीकारलं, त्यावरून पक्षाशी बिनसलं, १९६४ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले आणि १९६६ मध्ये इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. माणूस विद्वान होता, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला होता. चेकोस्लोव्हाकियात रशियन फौजा शिरल्या तेव्हाची सरकारची भूमिका पटली नाही म्हणून १९६८ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलंही. पण विरोधी पक्षाचा म्हणून ज्यांनी मत दिलं होतं, त्यांच्या मनात शंका बसली ती बसलीच. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "पुढाऱ्याचा झेंडा आणि पाहुण्याची पिशवी, कधी उचलली जाईल नेम नाही."

पण सगळेच काही पिशवी उचलून गेले नाहीत. नागपूरचे कॉम्रेड ए. बी. बर्धन बघा. १९५७ मध्ये ते नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. पुढे १९६७ आणि १९८० मध्ये लोकसभेला उभे राहिले, तेव्हा नागपूरकरांनी त्यांना घरी बसवलं. ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले, २०१६ मध्ये वारले, पण झेंडा एकच. म्हणजे बघा, एक सोडून गेला म्हणून मत नाही, आणि दुसरा शेवटपर्यंत राहिला तरी मत नाही! मग आपला हा दुसरा प्रश्न नुसता विचारण्यापुरताच होता की काय?

याचं उत्तर मला आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईच्या आईनं दिलं. तिनं सारं आयुष्य बिडी वळली. गोंदिया-भंडाऱ्याकडे हा धंदा घरोघरी होता. जंगलातून तेंदूपत्ता यायचा, तो भिजवायचा, कात्रीनं कापायचा, तंबाखू भरून वळायचा, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. ठेकेदारानं वाईट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. मांडीवर सूप आणि बाजूला झोळीत पोर, असे तिचे दिवस गेले.

१९६६ साली बिडी-सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही त्यानं कामगार मानलं, बाळंतपणाच्या लाभाचा हक्क दिला. कायदा झाला खरा, पण तो ठेकेदाराच्या ओसरीपर्यंत यायला माणसं लागतात. ही म्हातारी मला सांगत होती, "लाल झेंडेवाले सायकलीवर येत जी, म्हणून माझं कार्ड निघालं. नाही त मले कोण पुसते?"

मी विचारलं, "मग मत त्यांनाच दिलंस ना?"

ती हसली. म्हणाली, "मत त ज्यायनं शाळा देल्ली त्यायले देल्लं. पोरं शिकली न माझी!"

आता तिला काय म्हणणार? तेही खोटं नव्हतं. मनोहरभाई पटेल हे बिडीच्याच धंद्यातले, काँग्रेसचे आमदार. त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यातली मुलं तिच्या शाळा-कॉलेजांत शिकली. एकीकडे डोळ्यांना दिसणारी शाळा, दुसरीकडे हजारामागे चार आणे वाढवून मिळवण्याचं भांडण. आईनं शाळेच्या बाजूनं कौल दिला. मजुरीचं भांडण ज्यांनी केलं, त्यांना तिनं चहा दिला, आशीर्वाद दिला, मोर्चात पायही दिले. मत तेवढं दिलं नाही.

हे आमच्याच भागातलं म्हणाल, तर तसं नाही. माझ्या धाकट्या जाऊबाईंचं माहेर सोलापूरचं. तिकडे 'विडी' म्हणतात. हजारो बायका विड्या वळतात. तिथले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम, सगळे त्यांना आडम मास्तरच म्हणतात, १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले. विडी वळणाऱ्या बाईला स्वतःचं पक्कं घर, हे त्यांचं आश्वासन. लोक हसले असतील, नाही का? पण सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती घरं बायकांना मिळाली.

एवढं झाल्यावर मास्तर कायमचे आमदार राहिले असतील, असं तुम्हांला वाटेल. २००९ मध्ये ते पडले! त्यानंतर २०२४ पर्यंतच्या एकाही विधानसभेत ते निवडून आले नाहीत. आणि तरी घरांचं काम सोडलं नाही. रे नगर म्हणून असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची दुसरी योजना त्यांनी पाठपुरावा करकरून आणली. २०१९ च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिचा पाया घातला. त्या वेळी मास्तरांनी पंतप्रधानांचं कौतुक केलं, म्हणून त्यांच्याच पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. जाऊबाई सांगत होत्या, यावर त्यांच्या माहेरच्या गल्लीत बायकांचं म्हणणं पडलं, "घर देतोय त्याला चांगलं म्हटलं तर बिघडलं कुठं?" पक्षाची शिस्त आणि बाईचा व्यवहार यांची तोंडं अशी दोन दिशांना! १९ जानेवारी २०२४ ला त्यातली पंधरा हजार घरं पंतप्रधानांच्याच हस्ते दिली गेली.

मी जाऊबाईंना विचारलं, "मग बायका मत का देत नाहीत गं त्यांना?" त्या म्हणाल्या, "ताई, कुणी जातीचं बघतं, कुणी धर्माचं. कुणाला वाटतं, एकटा आमदार काय करणार? आणि निम्म्या जणींना तर घरातला पुरुष सांगतो ते बटण. घर बाईच्या नावावर झालं, मत अजून झालं नाही!"

मैत्रिणींनो, हे शेवटचं वाक्य मला चांगलंच लागलं. तुम्हांलाही लागलं तर नवल नाही. आपण शहरगावातल्या शिकलेल्या. पण मतदानाच्या आदल्या रात्री जेवताना "उद्या आपल्याला अमक्याला द्यायचंय" हे वाक्य आपल्या किती घरांत होतं, ते ज्याचं त्यानं आठवावं.

आता तो पहिला प्रश्न, पैशांचा. घरातली पगाराची चिठ्ठी कधी नीट बघितलीत? त्यात 'व्यवसाय कर' म्हणून दोनशे रुपयांच्या आसपास कापलेले दिसतील. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला, तो रोजगार हमीसाठी. १९७२ चा दुष्काळ आपल्या आई-सासूंना चांगला आठवत असेल. तेव्हा "आम्हांला भीक नको, काम द्या" म्हणत खेड्यांतून मोर्चे निघाले, त्यांत डाव्या पक्षांचे लाल झेंडे मोठ्या संख्येनं होते. योजनेला आकार दिला तो काँग्रेसच्या वि. स. पागे यांनी. कायदा झाला १९७७ मध्ये. म्हणजे मागणी एकाची, आखणी दुसऱ्याची आणि पैसे तुमच्या-आमच्या पगारातून! खेड्यातल्या बाईला खडी फोडण्याचं का होईना हक्काचं काम मिळालं, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या दोनशे रुपयांतून. "पैसे कुठून आणणार" याचं उत्तर बहुतेक वेळा असंच असतं. आपल्याच डब्यातून. मग ते कशासाठी जावेत, हे विचारायचा अधिकारही आपलाच.

आणि विचारायची वेळ आता आहे. २०२४ च्या विधानसभेला आपल्या नावानं बोली लागली, आठवतं ना? दरमहा पंधराशे रुपये तर सुरूच झाले होते. मग एक बाजू म्हणाली एकवीसशे, दुसरी म्हणाली तीन हजार. पैसे कुणाला नको असतात? मुलांच्या वह्या, सासऱ्यांची औषधं, सगळ्याला हातभार लागतो. त्याला नावं ठेवणारी मी कोण? पण या बोलीत बाईच्या कामाच्या मोलाची गोष्ट फार हळू आवाजात झाली. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि जानेवारी उलटत आला तरी थंडीवाऱ्यात बसून होत्या. त्यांच्या मांडवात कोण जाऊन बसलं होतं? बहुतेक ठिकाणी तेच, ज्यांना आपण "येणार थोडेच निवडून" म्हणतो.

आणखी एक. बिडी कामगारांचा तो १९६६ चा कायदा आता वेगळा उरलेला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत तो विरून गेला. त्या म्हातारीची नात अजून फावल्या वेळात बिडी वळते. नव्या संहितेत तिला काय राहिलं, काय गेलं, हे तिच्या दारात सायकल लावून समजावणारं कुणी येईल का? ज्यांना आपण पिढ्यान् पिढ्या नुसता मान दिला, ती माणसं म्हातारी झाली. नुसत्या मानावर युनियनच्या कचेरीचं भाडं भरत नाही, आणि तरुण पोरं तिकडे वळत नाहीत. उद्या सायकलीच बंद झाल्या तर मोठ्या पक्षांना काही फरक पडणार नाही. पडेल तो त्या नातीला.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. लाल बावटा असो की आणखी कुठला, प्रचाराचा कागद दारात आला की शेगडी पुसायला घेऊ नका. घरखर्चाच्या वहीत मागच्या पानावर त्याची नोंद करा. कुणी, कधी, काय कबूल केलं. पुढे दोन रकाने आखा. ते झालं का, हा पहिला. आणि न जिंकताही त्यासाठी कोण फिरलं, हा दुसरा. पाच वर्षांनी ती वही उघडा, दोन्ही रकाने वाचा आणि मग खुशाल हवं ते बटण दाबा. कदाचित तुमचं मत जिथे होतं तिथेच राहील. काही बिघडत नाही! पण ते तुम्ही हिशेब बघून दिलेलं असेल, आणि आदल्या रात्री जेवताना कुणी काही सांगितलं तर वही पुढे करता येईल.