‘ठाऊक नाही’ची साक्ष

अरबी शिकायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी हदीसचे ग्रंथ चुकीचे वाचत होते. प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. आधी ‘इस्नाद’, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं त्या नावांची साखळी, आणि मग ‘मतन’, म्हणजे मूळ मजकूर. मी नावं गाळून थेट मजकुरावर उडी मारायची. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, तमक्यानं ढमक्याकडून; यात वाचायचं काय, असं वाटायचं. आज माझं बहुतेक काम त्या नावांतच चालतं.

प्रश्न साधा आहे. पैगंबर मुहंमद 632 साली वारले. सुन्नी परंपरेत सर्वाधिक मान असलेला बुखारींचा संग्रह नवव्या शतकातला. मधली दोनशे वर्षं कशाच्या भरवशावर ओलांडायची? हा पेच आधी मुस्लिम विद्वानांनाच पडला होता. त्यांनी हदीस सांगणाऱ्या हजारो माणसांची, म्हणजे रावींची, झडती घेतली: कोण कुणाला भेटला होता, कुणाची आठवण पक्की, म्हातारपणी कोण गोंधळायचा. इब्न हजर यांचा ‘तहजीब अल-तहजीब’ हा पंधराव्या शतकातला रावीकोश हैदराबादच्या दायरतुल मआरिफनं विसाव्या शतकाच्या आरंभी बारा खंडांत छापला.

युरोपात 1890 साली इग्नाझ गोल्डझिहर यांनी वेगळाच पवित्रा घेतला. अनेक हदीस पैगंबरांच्या काळापेक्षा पुढच्या पिढ्यांच्या वादांबद्दल जास्त सांगतात, असं त्यांचं म्हणणं. जोसेफ शाख्ट यांनी 1950 साली तेच सूत्र कायद्याला लावलं. त्यांच्या मते साखळ्या मागे वाढत गेल्या. मत आधी एखाद्या स्थानिक विद्वानाचं असे, मग ते पैगंबरांच्या सोबत्याच्या नावावर जाई आणि शेवटी खुद्द पैगंबरांच्या. वतनाच्या तंट्यांचे कागद चाळलेल्यांना हे नवं वाटणार नाही. मूळपुरुष जितका जुना दाखवावा, तितका दावा भक्कम. शाफिई (मृत्यू 820) यांनी इतर कुणाच्याही मतापेक्षा पैगंबरांची हदीसच श्रेष्ठ, असा आग्रह धरल्यावर तर मागे जाण्याची गरज आणखी वाढली.

शाख्ट 1969 साली वारले. पुढच्याच वर्षी बैरूतहून एक ग्रंथ छापून येऊ लागला: येमेनमधल्या सना इथल्या अब्दुर्रज्जाक (मृत्यू 827) यांचा ‘मुसन्नफ’ हा हदीससंग्रह, अकरा खंड. हस्तलिखितांवरून त्याचं संपादन केलं होतं उत्तर प्रदेशातल्या मऊ या विणकरांच्या गावच्या मौलाना हबीबुर्रहमान आझमी यांनी. याच ग्रंथावर जर्मन अभ्यासक हाराल्ड मोत्स्की यांनी 1991 साली आपलं पुस्तक उभं केलं.

मोत्स्कींनी आधी मोजदाद केली. त्यांनी तपासलेल्या भागात अब्दुर्रज्जाक यांनी सुमारे 32 टक्के मजकूर मामर यांच्याकडून घेतला होता, 29 टक्के मक्केच्या इब्न जुरैज यांच्याकडून, 22 टक्के सुफयान सौरी यांच्याकडून. उरलेला इतर अनेकांकडून. शिवाय प्रत्येकाच्या मजकुराची ठेवण निराळी. इब्न जुरैज यांचा सुमारे 39 टक्के मजकूर एकट्या अता यांच्याकडून आलेला. एकाच माणसानं बसून साखळ्या जुळवल्या असत्या, तर इतकी ओबडधोबड वाटणी झाली नसती.

अता इब्न अबी रबाह म्हणजे मक्केचे नामांकित मुफ्ती, 733च्या सुमारास वारलेले. इब्न जुरैज त्यांचे शिष्य. तलाक, वारसा, गुलामांची सुटका अशा विषयांवर ते गुरूंना प्रश्नांमागून प्रश्न विचारतात. अता बहुतेक वेळा स्वतःचं मत देतात. पैगंबरांचा आधार क्वचितच घेतात. खरी गंमत पुढे आहे. गुरूंना उत्तर ठाऊक नव्हतं, त्यांनी मत बदललं, नेमके शब्द मला आठवत नाहीत, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून नाही, दुसऱ्याकडून ऐकली, अशाही नोंदी शिष्य करून ठेवतो. गुरूच्या नावावर मतं खपवायला निघालेला माणूस गुरूचं अज्ञान कशाला लिहून ठेवेल?

म्हणून सारं सिद्ध झालं असं नाही. या वाटेनं आपण आठव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या मक्केपर्यंत बऱ्यापैकी विश्वासानं पोचतो. तिथून 632 पर्यंतचं अंतर उरतंच. मोत्स्कींच्या पद्धतीवरही अभ्यासकांमध्ये वाद आहेत.

‘ही हदीस खरी की खोटी?’ असं मला नेहमी विचारतात. श्रद्धेच्या अंगानं उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. इतिहासाच्या अंगानं मी एवढंच सांगू शकते की अमुक गोष्ट अमुक दशकात, अमुक शहरात, अमुक माणसाला माहीत होती. विचारणाऱ्याची बहुधा निराशा होते.

माझ्याकडच्या ‘मुसन्नफ’च्या झेरॉक्सवर समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, महत्त्वाचे निवाडे असतील. अतांनी हात टेकले, त्या त्या जागी मी खूण केली आहे.