गॉलच्या तटावर

श्रीलंकेला जायचे ठरले तेव्हा आमच्या दोन माणसांच्या घरात दोन पक्ष पडले. सौभाग्यवतींच्या यादीत कँडीचे बुद्धदंताचे मंदिर, चहाचे मळे आणि मसाल्याच्या बागा अशी भरभक्कम कलमे होती. माझ्या यादीत कलम एकच होते : गॉल.

“तिथे काय पाहायचं?”

“क्रिकेटचं मैदान.”

“अहो, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? शिवाजी पार्क घरासमोर आहे!”

यावर माझ्यापाशी उत्तर होते, पण ते मी दिले नाही. गॉलला समुद्रात घुसलेला डच किल्ला आहे, जुनी कौलारू घरे आहेत आणि हाताने विणलेली लेस विकणाऱ्या बायका आहेत, असे सांगितले. तिसऱ्या माहितीने काम झाले.

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनावरून गॉलची गाडी पकडावी आणि उजव्या हाताची खिडकी धरावी. शंभराहून थोडी अधिक किलोमीटरांची ही वाट, पण निम्म्याहून जास्त प्रवास समुद्राच्या कडेकडेने होतो. रूळ आणि पाणी यांच्यामध्ये कुठे चार माड, कुठे एखादी होडी, आणि कुठे काहीच नाही. हिक्कडुवा यायच्या आधी पेरालिया नावाचे गाव लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटेने इथेच भरलेली आगगाडी रुळांवरून उचलून फेकली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. डब्यात चणे-शेंगदाणे विकणाऱ्याची आरोळी चालू होती, पोरे खिडकीतून हात बाहेर काढून हसत होती. मी मात्र त्या निळ्या, गरीब गाईसारख्या दिसणाऱ्या समुद्राकडे थोडा वेळ पाहू शकलो नाही.

गॉलच्या स्टेशनाबाहेर पडले की समोर बसस्थानक, त्याच्या पलीकडे मैदान आणि मैदानाच्या डोक्यावर किल्ला. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये तटबंदीला हात घातला. पुढे १६४० मध्ये डचांनी ठाणे जिंकले आणि आजचा भक्कम तट उभा केला. तटाखालच्या मोकळ्या जागेत इंग्रजांच्या अमदानीत घोड्यांच्या शर्यती होत. पुढे घोडे गेले आणि क्रिकेट आले. १९९८ पासून तिथे कसोटी सामने होतात. मैदानाच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे, आणि सामना असला की तिकिटाला पैसे नसलेला गाव तटावर चढून बसतो.

तटावर चढलो आणि पाहतो तो काय, हा तर आपला शिवाजी पार्कचा कट्टाच! तोच ओळीने बसलेला रिकामटेकडा पुरुषवर्ग, तेच पाय हलवणे, तेच खेळणाऱ्याला न मागितलेले सल्ले. आता वाचकांना खरे कारण सांगायला हरकत नाही. मी गॉलला आलो होतो तो एक जुना वाद मिटवायला, आणि त्या वादातला दुसरा पक्ष दादरला आरामखुर्चीत बसला होता. तो म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा.

जगातला सर्वांत मोठा फिरकी गोलंदाज कोण? आमच्या घरात या प्रश्नावर तीन पिढ्यांची तीन मते होती. अण्णाचे दैवत सुभाष गुप्ते. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे नऊ गडी एका डावात १०२ धावांत टिपणारे गुप्ते. लेग ब्रेक, त्याच्या जोडीला गुगली, आणि चेंडूला अशी उंची की फलंदाजाने मोहाने पुढे यावे. त्यांच्याइतका चांगला लेग स्पिनर पाहिला नाही, असे खुद्द गॅरी सोबर्स म्हणत. माझे दैवत शेन वॉर्न. १९९३ मध्ये मँचेस्टरला माइक गॅटिंगला त्याने टाकलेला चेंडू हवेतच लेगकडे वळला, लेग यष्टीच्या बाहेर पडला आणि जाऊन ऑफ यष्टीवर आदळला. आमच्या चिरंजिवांचा देव मुथय्या मुरलीधरन.

या तिघांची तुलना आकड्यांनी करू पाहणारा फसतो. मुरलीचे १३३ कसोटींत ८०० बळी, वॉर्नचे १४५ कसोटींत ७०८, गुप्त्यांचे ३६ कसोटींत १४९. पण मुरलीचे ४९३ बळी मायदेशातले आहेत, आणि ऑस्ट्रेलियात पाच कसोटींत त्याला अवघे बारा मिळाले. वॉर्नला ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांना गोलंदाजी करावीच लागली नाही, आणि दुसऱ्या टोकाला मॅकग्रा होता. गुप्त्यांच्या हाताखालून सुटलेल्या झेलांचा हिशेब तर कोणत्याच पुस्तकात नाही. आणि आपल्या मंडळींना सुखावणारी गोष्ट अशी की भारतात वॉर्न आणि मुरली दोघांनाही एकेका बळीसाठी चाळीसच्या वर धावा मोजाव्या लागल्या. इथे चिरंजीव आणि मी हात मिळवत असू.

खरी तुलना हाताची. लेग स्पिनर मनगटाने चेंडू फिरवतो, ऑफ स्पिनर बोटांनी, असे शाळेतही शिकवतात. मुरली ऑफ स्पिनर असून मनगटाने फिरवी. त्याचे मनगट दारावरच्या बिजागरीसारखे मोकळे, खांदाही तसाच. त्यामुळे ऑफ स्पिनरला न मिळणारी वळणे त्याला मिळत, आणि त्याच हालचालीतून उलट्या दिशेला जाणारा ‘दूसरा’ही निघे. वॉर्नचे सामर्थ्य निराळे. चार पावले चालत यायचे, फलंदाजाला हवा तो विचार करू द्यायचा आणि मग तो विचार चुकवायचा.

ही दोन्ही माणसे समोरासमोर उभी राहिली ती याच तटाखाली, मार्च २००४ मध्ये. बंदी असलेले औषध घेतल्याबद्दल वर्षभर बाहेर बसलेला वॉर्न इथे परतला. पहिल्या डावात मुरलीने ५९ धावांत सहा गडी घेऊन ऑस्ट्रेलियाला २२० मध्ये गुंडाळले. सामन्यात मुरलीचे अकरा, वॉर्नचे दहा. वॉर्नने पाचशेवा बळीही इथेच घेतला, आणि सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला. पुढच्याच कसोटीत, कँडीला, मुरलीचे पाचशे झाले. नऊ महिन्यांनी लाट आली. बसस्थानकातल्या बसगाड्या मैदानात येऊन पडल्या, खेळपट्टी गाळाखाली गेली. २००७ च्या डिसेंबरात इथे पुन्हा कसोटी झाली. आणि २२ जुलै २०१० रोजी, आपल्या शेवटच्या सामन्यात, आपल्याच प्रग्यान ओझाला झेलबाद करवून मुरलीने आठशेवा बळी घेतला.

पण वाद बळींचा नव्हता. तो कोपराचा होता.

अण्णा लहानपणी आंब्यावरून पडला आणि उजवा हात कोपरात मोडला. हाडवैद्याने बसवलेले हाड नीट बसले नाही आणि तो हात पुढे कधीच पुरता सरळ झाला नाही. गुप्त्यांसारखा लेग ब्रेक जमेना म्हणून तो ऑफ ब्रेक टाकू लागला आणि चांगला टाकू लागला. आझाद मैदानावरच्या एका सामन्यात मी धावा मांडायला बसलो होतो. चौदा वर्षांचा असेन. पंचाने एकाच षटकात त्याचे तीन चेंडू ‘फेकी’ म्हणून नो बॉल दिले. मी वहीत तीन खुणा केल्या. घरी येताना ट्राममध्ये विचारले, “अण्णा, तू खरंच फेकतोस का रे?” तो काही बोलला नाही. त्या दिवसानंतर त्याने चेंडू हातात घेतला नाही.

१९९५ मध्ये मेलबर्नला नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मुरलीला सात वेळा नो बॉल दिला गेला, तेव्हा अण्णा दूरदर्शन संचासमोरून उठून गेला. आणि २००४ मध्ये, चारचौघांत कट्ट्यावर, मी म्हणालो, “वाकड्या हाताचा तो फेकीच. बेदीसुद्धा हेच म्हणतात!” त्यानंतर आम्हा भावांचे बोलणे बंद पडले असे नाही, फक्त क्रिकेट बंद पडले. पण ते वजा केल्यावर आमच्यापाशी रक्तदाब आणि पापलेटचा भाव यांखेरीज उरले काय?

नियम काय सांगतो? हात वाकडा असणे हा गुन्हा नाही. चेंडू सोडताना तो सरळ करणे हा गुन्हा. मुरलीचा हात जन्मापासूनच पुरता सरळ होत नाही. त्याच्या तपासण्या झाल्या. हात हलू नये अशी पट्टी कोपराला बांधूनही त्याने तसाच चेंडू वळवून दाखवला. आणि बारकाईने चित्रण केल्यावर असे दिसले की बहुतेक सगळ्या गोलंदाजांचे हात थोडेफार सरळ होतातच. तेव्हा २००५ पासून सर्वांनाच पंधरा अंशांची मुभा मिळाली. हे सारे मी त्याच वर्षी वाचले होते. वाचले, आणि अण्णाला सांगितले नाही.

तटाच्या पायथ्याशी एक म्हातारा तांबिली विकत होता. तांबिली म्हणजे तिथले नारिंगी शहाळे. माझ्या आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीचे चांगले जमले. मी विचारले, “मुरलीचा हात?”

“वाकडा,” तो म्हणाला. “जन्माचा वाकडा. त्यात काय?” मग मैदानाकडे बोट करून म्हणाला, “लाट आली तेव्हा माझा गाडा तिथे वाहत गेला. मुरली तांदळाच्या गाड्या घेऊन आला होता.”

म्हातारा सिंहली, मुरली तमिळ, आणि त्या देशात या दोन समाजांमधले युद्ध २००९ पर्यंत चालले होते. तांदळाने कोपराचा निकाल लागत नाही, हे मला कळते. पण ज्याच्या हाताकडे मी वीस वर्षे फक्त कोन म्हणून पाहिले, त्याच्याकडे हा म्हातारा हात म्हणून पाहत होता. लाटेनंतर वॉर्नही इथे आला होता, पैसे देऊन गेला होता. आता तो नाही. २०२२ मध्ये गेला. दोघांच्या नावाने श्रीलंका आणि ऑस्ट्रेलिया करंडक खेळतात.

मला गुप्त्यांची आठवण झाली. १९६१ मध्ये दिल्लीला खोलीतल्या सोबत्याने हॉटेलातल्या मुलीला फोन केला, आणि त्या सोबत्याबरोबर गुप्तेही संघाबाहेर गेले. वय बत्तीस. पुन्हा भारताकडून खेळले नाहीत; त्रिनिदादला सासुरवाडीच्या देशी राहिले आणि २००२ मध्ये तिथेच वारले. अण्णा ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगे. तो क्रिकेट सांगत नव्हता, हे मला गॉलला समजले.

मी फोन काढला.

“अण्णा, गॉलहून बोलतोय. मुरली फेकत नव्हता.”

पलीकडे बराच वेळ पंख्याची घरघर ऐकू आली.

“आणि मी?”

“तूही नाही. मी तेव्हा विचारायला नको होतं.”

“साठ वर्षं लागली रे तुला,” अण्णा म्हणाला. मग घसा खाकरला. “पण एक सांगून ठेवतो. मुरली मोठा, तुझा वॉर्नही मोठा. गुप्ते ते गुप्तेच.”

“मान्य.”

“मान्य काय, मान्य? भांड की जरा! बरं, ते असू दे. खेळपट्टी कोणत्या दिशेला आहे? वारा कुठून येतो?”

सौभाग्यवती लेसचे दोन गठ्ठे घेऊन तट चढून येत होत्या. फोनच्या बिलाचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी पाठ फिरवली, बोट तोंडात घालून ओले केले, वाऱ्यात उंच धरले, आणि अण्णाला सांगू लागलो.