रात्री दहाची हजेरी

जुलै 2020. शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरत होते. आम्ही नालासोपाऱ्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. सकाळी नऊला व्हिडिओ सुरू करायचा, नावे पुकारायची, धडा घ्यायचा, असा आमचा क्रम होता. सहावीतली एक मुलगी सलग तीन आठवडे दिसली नाही. तिच्या नावापुढे आम्ही रोज 'गैरहजर' लिहीत गेलो. रात्री दहाच्या सुमारास मात्र न चुकता तिचा निरोप येई : "टीचर, आज काय शिकवलं?" आम्हाला वाटे, दिवसभर हुंदडायचे आणि रात्री अभ्यासाचे सोंग. एकदा रागाच्या भरात आम्ही लिहिले, "वर्ग सकाळी असतो."

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून तिच्या अम्मीने आम्हाला फोन केला. मुलीचे अब्बू मुंबईतल्या एका रुग्णालयात वॉर्डबॉय. अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी 15 जूनपासून लोकल सुरू झाल्या होत्या. ते पहाटे निघत आणि रात्री साडेनऊला घरी येत. घरात फोन एकच, तो दिवसभर त्यांच्या खिशात. अब्बूंनी हातपाय धुऊन जेवायला बसले की फोन मुलीच्या हाती पडे. "पोरगी रोज विचारते, टीचर रागावल्या का?" एवढेच बोलून त्या माऊलीने फोन ठेवला. आम्हाला त्या रात्री जेवण गेले नाही.

आमचे चुकले कुठे? आम्ही मोबाइलला फळा समजून बसलो. फळा भिंतीवर असतो, मुले त्याच्यासमोर येतात. मोबाइल माणसाबरोबर फिरतो, आणि फिरणाऱ्या वस्तूचे नियम वेगळे असतात.

आपल्यातले कितीतरी जण विरार ते चर्चगेट हे सुमारे 60 किलोमीटर रोज कापतात. त्या वाटेवर फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत सोपवला जात असतो. टॉवरच्या अशा हद्दीलाच 'सेल' म्हणतात, त्यावरून 'सेलफोन' हे नाव आले. गाडी धावत असताना फोन आजूबाजूच्या टॉवरांचा जोर सतत मोजत राहतो आणि हे सोपवणे क्षणात व्हावे लागते. ते फसले की बोलणे तुटते. शिवाय टॉवरकडे रेडिओ लहरींची जागा मोजकीच असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. म्हणून संध्याकाळच्या गर्दीत पडद्यावर सगळ्या रेघा दिसत असूनही व्हिडिओ अडकतो. रेघा सिग्नलचा जोर दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत.

हे सारे आम्हाला दोन वर्षे आधीच कळायला हवे होते. 10 जुलै 2018 रोजी वसई-विरार पाण्यात होते. नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, वीज गेली. टॉवरलाही वीज लागते, बॅटरीवर तो काही तासच तग धरतो. आमच्या घरातले एक जण भाईंदरला अडकले होते आणि फोन काही लागत नव्हता. मगरिब झाली, इशा झाली. मध्यरात्री अचानक एसएमएस आला : "सुखरूप आहे. मामूंकडे थांबलो." तो पाठवला होता सहा तास आधी. बोलण्यासाठी दोन्हीकडचे फोन एकाच वेळी जोडलेले असावे लागतात. एसएमएस मात्र कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो आणि आपला फोन हाती लागला की पोहोचतो. थांबू शकणारा निरोप त्या रात्री आमच्यापर्यंत आला होता. तरीही 2020 मध्ये आम्ही थांबू न शकणारा वर्ग घेऊन बसलो.

हा प्रश्न संशोधकांनी फार आधी ओळखला होता. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले महादेव सत्यनारायणन अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात संशोधन करतात. फिरत्या संगणकाच्या चार मूळ अडचणी त्यांनी 1996 मध्ये मांडल्या : त्याची ताकद जागेवरच्या संगणकापेक्षा कमी, तो हरवण्याचा-फुटण्याचा धोका जास्त, जोडणी कधी चांगली तर कधी गायब, आणि बॅटरी संपणारी. त्याआधीच, 1987 पासून, त्यांच्या चमूने 'कोडा' नावाची व्यवस्था उभारायला घेतली होती. जोडणी असताना लागतील त्या फाइल जवळ साठवायच्या, जोडणी तुटली तरी काम चालू ठेवायचे आणि पुन्हा जोडले गेल्यावर दोन्हीकडचे काम जुळवून घ्यायचे, अशी तिची रीत. जोडणी तुटणारच, हे गृहीत धरूनच तयारी करायची. वाचताना आम्हाला हदीसमधला तो उंट आठवला, आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर हवाला ठेवायचा.

आम्हीही तेच केले. सकाळच्या व्हिडिओऐवजी दहा मिनिटांचा धडा आवाजात नोंदवू लागलो. एवढा आवाज दोन एमबीच्या आत मावतो, तितक्याच वेळाच्या व्हिडिओला कितीतरी पट जास्त लागतात. सोबत वहीच्या पानाचा एकच फोटो. उत्तर चोवीस तासांत कधीही पाठवा, पोहोचले की हजेरी. पहिल्याच आठवड्यात कळले, एकाच फोनवर तीन भावंडे शिकणारी घरे आमच्या वर्गात आणखीही होती. ती मुले आमच्या नोंदीत 'हजर' होती, म्हणून आम्हाला कधी दिसली नव्हती.

त्या मुलीचे पहिले उत्तर रात्री सव्वादहाला आले. उर्दूचा धडा ती हळू आवाजात वाचत होती आणि मागे कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज होता. बहुधा अब्बू जेवून तिथेच झोपले असावेत. आम्ही हजेरीचे रजिस्टर काढले, तीन आठवड्यांचे 'गैरहजर' खोडले आणि मुख्याध्यापकांना कारण सांगून बाजूला सही केली. मुलीची माफीही मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागणे आपल्याकडे फारसे घडत नाही. आम्हाला ते जड गेले, पण मन हलके झाले.

आता शाळा पूर्ववत भरतात. तरी मृग जवळ आला की आम्ही पालकसभेत काही गोष्टी सांगतो. अभ्यास आणि महत्त्वाचे कागद फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. चार जवळचे नंबर कागदावर लिहून मुलांच्या दप्तरात ठेवा. वीज गेली की व्हिडिओ बंद करून बॅटरी राखा. फोन लागत नसेल तर साधा एसएमएस करा आणि धीर धरा. आणि कुणाचे उत्तर उशिरा आले, तर रागावण्याआधी कारण विचारा. हे शेवटचे आम्ही आधी स्वतःलाच सांगतो. अल्लाह आम्हाला त्याची तौफीक देवो. आमीन.