68 बाय 75

गेले तीन आठवडे भेटेल त्याला मी पद्मिनीच्या इंजिनाबद्दल सांगत सुटले आहे. शेजारच्या काकूंना सांगून झालं, भाजीवालीला सांगून झालं. आता तुम्हाला सांगते, कारण हे सगळं इतकी वर्षं आमच्याच दारात, आमच्याच बॉनेटखाली होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता!

गाडी बाबांची, 1974 ची. कुर्ल्याच्या कारखान्यात ‘प्रीमियर प्रेसिडेंट’चं नाव बदलून ‘पद्मिनी’ झालं, त्याच वर्षीची. मागच्या दिवाळीत पन्हाळ्याच्या चढाला ती दुसऱ्या गिअरमध्येही दमली. मागे निळा धूर, वर पोचेपर्यंत रेडिएटरला उकळी. त्याच दिवशी मी ठरवलं, इंजिनच बदलायचं. एकशे अठरा एनईचं बसवायचं. पद्मिनीवाले पूर्वीपासून हे करत आलेत. गाडी त्याच कंपनीची, पण इंजिन निसानचं, 1171 सीसीचं, ताकदीला जास्त आणि चालायला मऊ. चांगल्या अवस्थेतलं एक गिअरबॉक्ससकट मिळत होतं आणि मी पैसे घेऊन निघालेच होते. बाबा एवढंच म्हणाले, “एकदा उद्यमनगरात मिस्त्रींना दाखव. मग तुला पाहिजे ते कर.”

मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी गाडी चालू करायला लावली, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाले, “ताई, काढूया म्हणताय तर काढूया. पर आधी खोलून तर बघूया की.”

आणि हेड निघालं! मी आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाच्या आत बघत होते. चार काळ्या विहिरी, दोन पिस्टन वर, दोन खाली. “बोट घाला,” मिस्त्री म्हणाले. घातलं. काठाच्या जरा खाली नखाला एक बारीक कड अडकली. पिस्टनची रिंग तिथपर्यंतच पोचते. तिच्या वरचा लोखंडी काठ कारखान्यातून आला तसाच, आणि खालचा पन्नास वर्षांत झिजलेला. माझ्या शाळेच्या सगळ्या सहली, सगळं त्या केसभर पायरीत! मी बोट बाहेरच काढेना.

“68 बोअर, 75 स्ट्रोक,” मिस्त्री सहज बोलून गेले. म्हणजे विहीर 68 मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव 75. घरी येऊन वहीवर गुणाकार मांडला. एका विहिरीचं माप काढलं, चारने गुणलं, आणि उत्तर आलं 1089. आरसीवरचा तो आकडा मी शंभरदा वाचला असेन, तो असा समोर उगवताना बघून अंगावर काटा आला. मग वाचत गेले. हे 68 बाय 75 चं माप 1937 चं! तुरिनमध्ये दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली घडलेल्या फियाट 508 सीचं. आमची पद्मिनीही मुळात फियाटचीच. इटलीत 1962 साली फियाटची 1100 डी आली तेव्हा त्यांनी स्ट्रोक 75 च ठेवला, बोअर 72 केला आणि 1221 सीसी काढले. म्हणजे वाढायची जागा या घराण्यातच होती. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन मिस्त्रींना म्हटलं, आपणही 72 करूया. ते मान हलवत म्हणाले, “तिकडचा ब्लॉक तिकडं. ह्यात एवढं काढलं तर भिंत राहील का? 0.4 काढू.” तेवढ्याने झीज निघते आणि इंजिन 1102 सीसीचं होतं. तेरा सीसी! मला ते तेरा तेराशेसारखे वाटतात.

तिथेच माझा निर्णय बदलला. निसानचं इंजिन उत्तमच आहे. रोज लांबचा पल्ला असेल तर मी आजही तेच सुचवेन. पण ते बसवायचं तर माउंटिंग नवीन, प्रोपेलर शाफ्ट मापाला आणायचा, गिअरसाठी फ्लोअर कापायचा. स्टिअरिंगखालचा दांडा गेला म्हणजे बाबांच्या डाव्या हाताची पन्नास वर्षांची सवयच गेली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद. आणि 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. आमची आत्ता कुठे त्या वयाला पोचली होती. परकं इंजिन बसवून ते दार मी स्वतः कशाला लावून घेऊ?

खरी गंमत पुढे आहे. निसानच्या क्रँकला पाच मेन बेअरिंग, आमच्या क्रँकला तीनच. मांडवाला पाच मेढींऐवजी तीन, आणि दर दोन मेढींमध्ये दोन-दोन पिस्टनचा भार. मग वजनात फरक चालतच नाही! मिस्त्रींनी चारही नवे पिस्टन घेऊन मला गुजरीत ओळखीच्या सराफाकडे पाठवलं. सोन्याच्या काट्यावर आमचे पिस्टन! सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांत चार ग्रॅमचा फरक निघाला. मिस्त्रींनी आतल्या बाजूने कानस फिरवत फिरवत चारही एका वजनाला आणले. मी तीनदा गुजरीत गेले आणि तिन्ही वेळा आनंदाने गेले.

मग मॅनिफोल्ड. त्याचं भोक आणि हेडचं भोक समोरासमोर नव्हतं, एका बाजूला नखाएवढी पायरी होती. आत जाणारी हवा पन्नास वर्षं तिथे ठेचकाळत होती! मिस्त्रींनी निळी शाई लावली, गॅस्केटवरून रेघ मारली आणि बारीक ग्राइंडरने तेवढंच खरवडलं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. सोलेक्स कार्बोरेटर तोच, उघडून धुतलेला. ब्लॉक बोअर होऊन आला तेव्हा विहिरींच्या भिंतींवर होनिंगच्या तिरक्या रेघांची जाळी उमटली होती. तेल धरून ठेवायला असते म्हणे ती. मी मोबाइलवर तिचे अकरा फोटो काढले.

चालू झालं तेव्हा बाबा शेजारी उभे होते. धूर नाही, थरथर नाही. ते आत बसले, डावा हात न बघता दांड्यावर गेला, पहिला टाकला आणि गाडी उद्यमनगराच्या गल्लीतून निघून गेली. मी रस्त्यात उभी. अर्ध्या तासाने परत आले.

हजार किलोमीटर होईपर्यंत साठच्या वर न्यायची नाही, असं मिस्त्रींनी बजावलंय. मग हेड पुन्हा टाइट करायचं, टॅपेट बघायचे आणि त्यानंतरच पन्हाळा. आज सकाळी मीटर बघितला, 412 झालेत. रविवारी नरसोबाच्या वाडीला निघालोय. बाबा म्हणतात जवळच्या रस्त्याने जाऊ, पण मी लांबचा शोधून ठेवलाय.