'हाय गाइज'मधला माणूस

कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये "हाय गाइज" म्हटलं जातं, तेव्हा राजद्रोहाबद्दल मृत्युदंड झालेल्या एका माणसाचं नाव घेतलं जात असतं. 1605 सालच्या 5 नोव्हेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सखालच्या तळघरात गाय फॉक्स पकडला गेला. तिथे बंदुकीच्या दारूची 36 पिंपं सापडली. राजा पहिला जेम्स आणि त्याची संसद उडवून देण्याचा काही कॅथलिकांचा तो कट होता. म्होरक्या खरं तर रॉबर्ट केट्सबी. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते तळघरात सापडलेल्याचं नाव.

मग दरवर्षी त्या रात्री शेकोट्या पेटू लागल्या. जुन्या कपड्यांत पेंढा कोंबून केलेला पुतळा पोरं गल्लीतून फिरवायची, "गायसाठी एक पेनी" मागायची आणि रात्री तो जाळला जायचा. त्या पुतळ्याचंच नाव 'गाय' पडलं. पुढे विचित्र, गबाळे कपडे घातलेल्या माणसालाही लोक तेच म्हणू लागले. अमेरिकेत त्यातली कुचेष्टा गळून गेली आणि कुठलाही पुरुष 'गाय' झाला. आपणही रावण जाळत आलो, पण मित्रांना कुणी "या रावणांनो" म्हणत नाही!

हे नाव इतकं लाडकं कसं झालं? मला त्यामागे इंग्रजीची एक अडचण दिसते. इंग्रजीतला 'तू', म्हणजे 'दाउ', रोजच्या बोलण्यातून गेला. एकालाही 'यू', शंभरांनाही 'यू'. अनेकांना मिळून हाक मारायला काहीतरी हवं होतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात 'यॉल' रुळलं, इतरत्र बरेच जण 'यू गाइज' म्हणू लागले.

त्यात आता बायकाही धरल्या जातात. पण "तो गाय कोण?" असं विचारलं, की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. 1950 साली ब्रॉडवेवर आलेल्या संगीतिकेचं नावही 'गाइज अँड डॉल्स' होतं. बायकांसाठी वेगळा शब्द, तोही बाहुलीचा. बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, हे मान्य. तरी समोर बायका बसलेल्या असताना त्यांना या शब्दात कोंबणं मला पटत नाही.

मराठीत तर ही उसनवारी करायचं कारणच नाही. आपल्याकडे 'तू' आहे, 'तुम्ही' आहे आणि कीर्तनापासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळ्यांना सामावून घेणारी 'मंडळी' आहे. पुढची बैठक मराठीत असेल, तर "नमस्कार मंडळी" म्हणून सुरू करा.