कापसावरचा तपकिरी डाग

ऐंशीच्या दशकात वारज्यात कुणी विचारलं, "काय करतोस रे विद्यापीठात?" आणि मी "फेराइटवर काम करतो" म्हणालो, की समोरचा जरा विचार करून म्हणायचा, "म्हणजे कॅसेटच्या पट्टीवर असतं ते?" उत्तर काटेकोर नव्हतं. कॅसेटवर असायचं ते गॅमा फेरिक ऑक्साइड आणि मी भाजत होतो ते निकेल-झिंक फेराइट, म्हणजे लोखंडासोबत निकेल आणि झिंक असलेलं ऑक्साइड. पण दोघांची स्फटिकरचना एकाच, स्पिनेल जातीची. त्यामुळे "हो, साधारण तेच" म्हणून मोकळं होता यायचं. आज वारज्यात राहणारी एखादी मुलगी ऑक्साइडच्या थिन फिल्मवर पीएचडी करत असेल, तर तिची सुटका इतक्या स्वस्तात होत नाही. ती विषय सांगते, समोरचा "वा, छान" म्हणतो आणि बोलणं पावसावर किंवा ट्रॅफिकवर जातं.

तेव्हाचं वारजे म्हणजे गावठाण, माळवाडी आणि मध्ये शेतं. कर्वेनगर संपलं की शहर संपलं असं वाटायचं. बाह्यवळणाचा महामार्ग, त्याच्या दोन्ही अंगांचे टॉवर, काही नव्हतं. पीएमटीने डेक्कनला यायचं आणि तिथून गणेशखिंडीकडची दुसरी बस धरायची. घराघरांत मात्र टेपरेकॉर्डर आले होते. लग्नात ते यायचे, गणपतीत मंडपात वाजायचे. पुलंचं कथाकथन आणि भीमसेनांचे अभंग ऐकून ऐकून फितींचा आवाज बसायचा. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींची ध्वनिमुद्रणं कॅसेटवर आणली, तेव्हा ती मिळवण्यासाठी लोक वारज्याहून कर्वे रस्त्यापर्यंत सायकल मारायचे.

आवाज दबका येऊ लागला की हेड साफ करायचं. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि हेडवरून हलकेच फिरवायचा. कापसावर तपकिरी डाग उमटायचा. तो डाग म्हणजे निव्वळ मळ नव्हे. फितीवरून खरवडून निघालेलं चुंबकीय ऑक्साइड त्यात असायचं. त्याचे कण सुईसारखे लांबट, साधारण अर्ध्या मायक्रोमीटरचे. लांबट कणाचं चुंबकत्व लांबीच्याच दिशेने राहायला बघतं, सहजासहजी आडवं वळत नाही. म्हणून तर एकदा भरलेलं गाणं वर्षानुवर्षं टिकायचं. फीत चार मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीची, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकणारी, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये तिची लांबी जवळपास ९० मीटर.

हे ऑक्साइड करण्याची रीत आम्ही तोंडपाठ केली होती. आधी सुईच्या आकाराचं पिवळं ऑक्साइड तयार करायचं. ते तापवून त्यातलं पाणी काढलं की लाल होतं. हायड्रोजनमध्ये तापवलं की काळं मॅग्नेटाइट. मग हवेत, साधारण २५० अंशांवर, अगदी जपून पुन्हा ऑक्सिजन द्यायचा की तपकिरी गॅमा. जास्त तापवलं तर ते परत लाल होतं आणि चुंबकत्व जवळजवळ गमावून बसतं. पिवळा, लाल, काळा, तपकिरी: चारही रंगांच्या मुळाशी लोखंड आणि ऑक्सिजनच. फक्त अणू कुठे बसले आणि सुईचा आकार शाबूत राहिला का, एवढाच प्रश्न.

कॅसेट हे घरातल्या चुंबकीय ऑक्साइडचं एक रूप. ट्रान्झिस्टरवर ७९२ किलोहर्ट्झला पुणे केंद्र लावताना खरखर आली की आजोबा रेडिओ थोडा फिरवून ठेवायचे आणि आवाज साफ व्हायचा. आत आडवी ठेवलेली फेराइटची काळी कांडी हाच त्या रेडिओचा मध्यम लहरींचा अँटेना असतो आणि ती स्टेशनच्या दिशेला आडवी असावी लागते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. फुटका लाउडस्पीकर सापडला की मुलं त्याचं कडं काढून मुठेच्या पात्रात न्यायची. वाळूत फिरवलं की कड्याला काळी मिशी फुटायची. कडं बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम फेराइटचं, आणि मिशी आपल्याच काळ्या दगडातून झिजून आलेल्या मॅग्नेटाइटची. दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला. थिजताना त्यातल्या चुंबकीय ऑक्साइडांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ती मोजली, तेव्हा हा लाव्हा बाहेर पडला त्या काळी भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, असं निघालं. चुंबकीय ऑक्साइडवर भरलेलं ध्वनिमुद्रण वारज्याच्या जमिनीतच होतं म्हणायचं.

आता प्रयोगशाळेतलं. फेराइटची वैज्ञानिक गोष्ट जपानमध्ये सुरू होते. तोक्योत काटो आणि ताकेई यांनी १९३०च्या सुमारास तिचा पाया घातला. त्यावर माल काढायला १९३५ मध्ये जी कंपनी निघाली ती टीडीके. आमच्याकडे जिची कॅसेट मिळाली की माणूस खूश व्हायचा, तीच. हॉलंडात फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूकने फेराइटचा उपयोगी पदार्थ केला, आणि फ्रान्समध्ये नीलने १९४८ मध्ये त्याच्या चुंबकत्वाचं कोडं सोडवलं. आत दोन जागी बसलेले अणू एकमेकांविरुद्ध खेचतात, पण बरोबरी होत नाही. उरतं ते चुंबकत्व.

पुण्याचा हिस्सा त्यानंतरचा, आणि तो लहान नाही. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० साली सुरू झाली. तिथे ए. पी. बी. सिन्हा यांनी घन पदार्थांच्या रसायनशास्त्राची परंपरा उभी केली. १९७२ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. लोरिया आणि सिन्हा यांचा १९६३ सालचा एक छोटा निबंध आहे. क्युरी तापमान, म्हणजे ज्या तापमानाला पदार्थाचं चुंबकत्व नाहीसं होतं ते, मोजायची साधी पद्धत त्यात दिली आहे. पुढे कोल्हापूर, औरंगाबाद, सोलापूर, जिथे म्हणून फेराइटवर काम झालं, तिथल्या प्रबंधांत "लोरिया पद्धत" हे शब्द दिसतातच.

ती पद्धत मी जवळून पाहिली आहे. विद्युतचुंबकाच्या लोखंडी टोकाला फेराइटचा बारीक तुकडा चिकटलेला. भोवती छोटी भट्टी, शेजारी थर्मोकपल. भट्टी हळूहळू तापवत न्यायची आणि डोळे तुकड्यावर लावून बसायचं. तापमान चढतंय, तुकडा हलत नाही. मग एका क्षणी त्याचं चुंबकत्व जातं आणि तो टपकन खाली पडतो. पडला त्या क्षणाचा आकडा लिहायचा. शुद्ध निकेल फेराइट ५८५ अंशांच्या आसपास पडायचं. झिंक जसजसं वाढवावं तसतसं ते आधी पडायचं. नीलचा सिद्धांत पुस्तकात वाचणं वेगळं आणि तो टपकन पडलेला पाहणं वेगळं.

नमुना तयार करण्याचं काम मात्र कुंभाराच्या आव्यासारखं होतं: भाजून निघेपर्यंत आत काय झालं ते कळायचं नाही. ऑक्साइडं तोलायची, अगेटच्या खलात ॲसिटोन घालून हात भरून येईपर्यंत घोटायची, एकदा भाजायची, पुन्हा घोटायची, दाबयंत्रात गोळी पाडायची आणि १२०० अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवायची. मध्येच वीज गेली की पहिल्यापासून सगळं. झिंक जास्त तापलं तर उडून जातं आणि सूत्रात लिहिलेलं फेराइट गोळीत उरत नाही. क्ष-किरणांचा आलेख लांबलचक कागदावर यायचा, त्यातली शिखरं पट्टीने मोजायची आणि स्फटिकाच्या पेशीची बाजू ८.४ अँगस्ट्रॉमच्या जवळ आली की जीव भांड्यात पडायचा. परदेशातला निबंध हवा असेल तर जयकर ग्रंथालयात संदर्भ शोधून लेखकाला पोस्टकार्ड टाकायचं. त्याची छापील प्रत यायची ती महिन्यांनी.

त्याच काळात हा पदार्थ पातळ व्हायला लागला होता. १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले सतीशचंद्र ओगले आणि त्यांचे सहकारी, सोबत एनसीएलचे एस. के. दाते, यांनी लेसरच्या स्पंदांनी लोहाच्या ऑक्साइडांच्या आणि फेराइटच्या थिन फिल्म केल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. निर्वात पात्रात लक्ष्याच्या चकतीवर लेसरचा अतिशय छोटा, जोरदार झोत सोडायचा. पृष्ठभागावरचं द्रव्य क्षणात उडून त्याचा तेजस्वी पिसारा समोरच्या पट्टिकेवर जाऊन बसतो. आदल्याच वर्षी अमेरिकेत वेंकटेसन आणि सहकाऱ्यांनी हीच रीत नव्या अतिसंवाहक ऑक्साइडांसाठी वापरून दाखवली होती. जगभरच्या प्रयोगशाळा तिच्याकडे वळल्या, तेव्हा आपल्या गणेशखिंडीत काम चालू होतं. ओगले पुढे मेरीलँडला गेले, पारदर्शक ऑक्साइडात चुंबकत्व आणण्याचं काम केलं, आणि नंतर पुण्यात परतून एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्थांत राहिले.

आज त्या रीतीने एकेक अणुथर मोजत फिल्म वाढवता येते. रसायनांचं द्रावण तापवून, पेटवून फेराइटची भुकटी घटकाभरात होते. क्ष-किरणांचा आलेख सॉफ्टवेअर सोडवतं. तुकडा पडण्याची वाट बघावी लागत नाही. यंत्र चुंबकत्वाचा अख्खा वक्र पडद्यावर काढून देतं. वारज्याहून पाषाणला जायला चांदणी चौकाचा नवा पूल आहे. जुना २०२२ मध्ये पाडला, नवा २०२३ मध्ये खुला झाला. गर्दी नसेल तर विद्यार्थिनी दुचाकीवरून पोचते तोवर आम्ही डेक्कनच्या थांब्यावर दुसऱ्या बसची वाट बघत असायचो. खलात घोटण्याला तपश्चर्या म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या घोटण्यात माझी बरीच उमेद गेली, आणि आजची मुलं जे प्रश्न विचारू शकतात ते आम्हाला सुचूनही उपयोग नव्हता.

फरक पडला तो दुसरीकडे. पहिल्या हार्डडिस्कवर, १९५६ साली, लोहाच्या ऑक्साइडचा रंगच फासलेला होता. ऐंशीच्या दशकात त्याची जागा कोबाल्टच्या मिश्रधातूंच्या थिन फिल्मने घेतली. ती वाचणाऱ्या हेडमध्ये आता मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर असतो, जाडी साधारण एक नॅनोमीटर. मोबाइलवर आपण ऐकतो ते गाणं कुठल्या तरी दूरच्या डेटा सेंटरमध्ये असल्याच डिस्कवर ठेवलेलं असू शकतं, पण तिथून कापसावर डाग येत नाही. घरातलं फेराइट मात्र कमी झालेलं नाही, उलट वाढलंय. इंडक्शनच्या शेगडीत गुंडाळीखाली त्याच्या काळ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. लॅपटॉपच्या केबलवर जो फुगवटा दिसतो, तो त्याचाच. मोबाइलच्या चार्जरातला चिमुकला ट्रान्सफॉर्मर त्याचाच, आणि मोटारीच्या वायपरपासून खिडकीपर्यंतच्या बारक्या मोटरींतले चुंबकही बहुधा त्याचेच. वारज्याच्या एका सोसायटीत आज जेवढं फेराइट असेल, तेवढं त्या वेळी सगळ्या गावात मिळून नसेल. फक्त ते प्लॅस्टिकच्या आत गेलं. बिघडलं की आपण उघडत नाही, टाकून देतो.

माझ्या पिढीला विषय सोपा करून सांगता येत होता, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणतो. खरं तर सांगावंच लागत नव्हतं. वस्तू उघड्या होत्या, खराब व्हायच्या, घरीच दुरुस्त व्हायच्या, आणि आमच्या वाट्याचं निम्मं काम त्यांनीच केलेलं असायचं. आजच्या मुलांना तो आयता आधार नाही, म्हणून ती बोलण्यात कच्ची आहेत असा शेरा मारणं बरोबर नाही. वस्तूंनी सोडलेलं काम आता माणसांनी करायला हवं, आणि ते करायला वेळ कुणाकडे असेल तर तो आम्हा निवृत्तांकडेच. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी शाळाशाळांतून तक्ते लागतात. या वर्षी मी वारज्याच्या एका शाळेत तक्ता न नेता बंद पडलेले चार्जर, एक मेलेली इंडक्शन शेगडी आणि स्क्रू-ड्रायव्हरचा संच घेऊन जाणार आहे. चार्जर आधीच महिनाभर बाजूला काढून ठेवले आहेत, म्हणजे आत साठलेली वीज नक्की गेलेली असेल. उघडायचं काम मुलांनी करायचं, आणि प्रश्न विचारायचंही.