मुलांना चालू द्या

मुंबईत मूल एकटे शाळेत जाऊ शकत नाही, याचे खापर आपण काळजीखोर पालकांवर फोडतो. मला ते पटत नाही. दोष पदपथाचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दादर, कुर्ला, मालाडच्या स्टेशनबाहेर ही रुंदी शोधून दाखवावी! कुठे विजेची पेटी, कुठे उभ्या केलेल्या दुचाकी, कुठे महिनोन्‌महिने उघडी राहिलेली खोदाई. दप्तर पाठीवर घेतलेले मूल मग बसच्या चाकांशेजारून चालते, म्हणून आई-वडील स्कूटर काढतात आणि शाळेपुढची कोंडी आणखी वाढवतात.

पदपथ मोकळे करा म्हटले की फेरीवाल्यांच्या पोटाचा प्रश्न पुढे केला जातो. तो खराच आहे, पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात त्यांच्यासाठी ठरावीक क्षेत्रे आखण्याची तरतूद आहे. ती नीट न राबवता गरीब विक्रेता आणि शाळकरी मूल यांना एकमेकांसमोर उभे करणे अन्यायाचे आहे. जागाच नाही, हा दुसरा आक्षेप. मग रस्त्याकडेला फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारींना ती कशी मिळते? निर्धास्तपणे वापरता येणारे पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. प्रत्येक शाळेभोवतीचे रस्ते महापालिकेने आधी हाती घ्यावेत, उड्डाणपुलांच्याही आधी.